गोष्टीला हुंकारा लागतो

हे लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. आठवणी लिहाव्यात असं काही माझ्या हातून झालेलं नाही. शिरवळच्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला आहे. ट्रक भरून देतो, ताडपत्री नीट आवळली का बघतो आणि संध्याकाळी घरी येतो. घरातला पहिला पदवीधर, बी. ए. मराठी, यापलीकडे सांगण्यासारखी ओळख नाही. अजूनही चार ओळी लिहिल्या की मागून कुणीतरी लाल पेन घेऊन वाकलंय असं वाटतं. तरी लिहितो, कारण राग गेलेला नाही. केस पांढरे व्हायला लागले की राग आपसूक निवेल अशी माझी समजूत होती. तो निवला नाही. बायको म्हणते, एका गोष्टीवरून माणसानं किती दिवस जळावं? तिचं खरं आहे, एका गोष्टीवरूनच आहे. कॉलेजच्या पाठ्यपुस्तकातली एक लहानशी विज्ञानकथा. तिच्यापायी माझं एक वर्ष गेलं, आणि वर्षाहून मोठं जे गेलं ते मला उशिरा कळलं.

आमचं गाव माणमध्ये, दहिवडीच्या पुढं माळावर. गावात घर होतं, पण त्याला कुलूपच जास्त. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन खाली कृष्णेच्या काठाला उतरायचे. कधी कराडच्या अंगाला, कधी सांगली-मिरजेच्या. पावसाच्या तोंडाला पुन्हा वर. संसार सगळा घोड्यावर: पातेली, पीठ, घोंगड्या, आणि सगळ्यांच्या वर बांधलेली एखादी कोंबडी. बागायतदाराच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं, आम्हाला ज्वारी नाहीतर गहू. मी शाळेसाठी गावात मावशीकडं असायचो, पण सुट्टी लागली की थेट तळावर. तळाचा वास मला आजही कुठंही ओळखू येईल. ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, तीन दगडांच्या चुलीवर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा. आई हुलग्याचं माडगं करायची, पातळ, वरून लसूण. ते वाडग्यातून ओठ पोळत प्यायचं. दिवस मावळायच्या सुमाराला कोकरं आयांकडं सोडली की एकच कालवा उठायचा, प्रत्येक कोकरू ओरडतंय, प्रत्येक मेंढी ओरडतेय, आणि थोड्या वेळानं सगळं एकदम शांत. ज्याची त्याला आई सापडलेली असायची. मग फक्त घंट्या वाजायच्या, मधूनच एखादी.

त्या शांततेत आबा गोष्ट धरायचे. चुलीपुढं बसून, हातात चाती घेऊन, लोकर कातत. आमच्यात गोष्ट सांगणाऱ्यासमोर एकानं हुंकारा द्यायचा असतो. सांगणाऱ्याचं वाक्य संपलं की 'हूं' म्हणायचं. राजा शिकारीला निघाला, हूं. वाटेत नदी लागली, हूं. हुंकाऱ्यावाचून गोष्ट सांगायची म्हणजे भिंतीशी बोलायचं. तळावर असलो की हे काम माझ्याकडं. डुलकी लागून माझा हूं चुकला की आबा थांबायचे. 'झोपलास काय' असं विचारायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. जरा वेळ नुसती चाती फिरवायचे आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून धरायचे. राजा शिकारीला निघाला. एकदा मी वैतागून म्हणालो, "आवं आबा, नदीपातूर आली हुती की गोष्ट."

"कुनापातूर आली हुती? तू हुतास का हितं?"

आई चुलीपुढं हसली. आबांना हुंकाऱ्यातले सगळे प्रकार कळायचे. कंटाळलेला हूं, भ्यालेला हूं, आणि एक खास, ज्याला ते 'आयकल्याला हूं' म्हणायचे, म्हणजे गोष्ट आधीच ऐकलेल्याचा. पुढं काय होणार हे ज्याला ठाऊक आहे त्याचा हूं जरा आधी येतो, म्हणायचे, आणि जरा जड येतो. मला फरक कधी कळला नाही.

बारावीनंतर मी कॉलेजला जायचं म्हणालो तेव्हा आबांनी अट घातली. "शिक. पर नापास झालास की काठी हातात घ्यायाची आन् मेंढरामागं. मग कटकट न्हाई." थोरला कुणी नव्हता, आबांचे गुडघे दुखायला लागले होते, तेव्हा अट वाजवी होती. मी कबूल झालो. कराडला लागून मलकापुरात खोली घेतली, कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. कॉलेजचं नाव लिहीत नाही, सरांचंही नाही. लिहिलं तर हात कसा चालेल याची खात्री नाही.

हे सर आम्हाला मराठी शिकवायचे. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी दिसणारी, आवाज खणखणीत. त्यांनी स्वतः लिहिलेलं गाईड होतं, आणि वर्गात ते त्यातलंच बोलायचे, पण ते मला नंतर कळलं. पहिल्या दिवशी मी मन लावून ऐकत होतो. पहिल्या बाकावर बसलो होतो, खेड्यातली पोरं पहिल्याच दिवशी करतात ती चूक. सरांनी एक वाक्य म्हटलं आणि माझ्या तोंडून निघालं, "हूं." दुसरं वाक्य. "हूं." मला पत्ताही नव्हता. समोर माणूस काही सांगतोय तर हुंकारा देणं ही आमच्याकडं रीतच. सर थांबले.

"कोण आहे तो? उभा राहा. चेष्टा करतोस?"

"न्हाई सर."

"गाव?"

"माण तालुका."

"वाटलंच. हे मेंढरं हाकायचं रान नाही. हूं हूं करायचं असेल तर दाराबाहेर."

वर्ग हसला. मी दाराबाहेर गेलो. तास संपेपर्यंत व्हरांड्यात उभा राहिलो आणि आतलं वाक्यन्‌वाक्य ऐकत, ओठ दाबून, मनात हूं म्हणत राहिलो. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो. बाहेर काढलेल्या पोरानं आतल्या माणसाला हुंकारा कशाला द्यायचा?

बाहेर पडताना शौकत भेटला. मलकापूरचाच, त्याच्या वडिलांचं गाद्या भरायचं दुकान. "गड्या, काय रं पारव्यागत घुमत हुतास?" म्हणाला. "हूं, हूं, हूं. मला वाटलं छपरात पारवा शिरलाय." मी कारण सांगितलं तेव्हा तो हसायचा थांबला. "मग आमच्या अब्बांफुडं बस एकदा. त्येंचं आमच्यात कुनीच आयकत न्हाई." आमची दोस्ती तिथून. पुढची सगळी वर्षं मी त्याच्या दुकानातल्या कापसावर बसून अभ्यास केला.

दुसऱ्या वर्षाला ती विज्ञानकथा होती. तिचं नावही सांगत नाही, गोष्ट सांगतो. दूर आकाशात कुठल्याशा ग्रहावर खाण आहे. खेड्यातल्या एका बाईचा मुलगा तिथं कामाला आहे. तो अपघातात मेला आहे, हे लेखक पहिल्याच ओळीत वाचकाला सांगून टाकतो. आईला मात्र कुणी कळवलेलं नाही. कंपनीनं मुलाचा आवाज साठवून ठेवलाय आणि एक यंत्र दर शुक्रवारी त्या आवाजात आईला फोन करतं. यंत्र खाणीतल्या तांबड्या धुळीचं सांगतं, आकाशातल्या दोन चंद्रांचं सांगतं, आणि आई चुलीवरची आमटी ढवळत प्रत्येक वाक्याला "हं" म्हणते. एका शुक्रवारी ती "हं" म्हणत नाही. मुद्दाम गप्प राहते. तिकडचा आवाज थांबतो. जरा वेळानं तो पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू होतो, तीच धूळ, तेच चंद्र, त्याच ठिकाणी तेच हसणं. आई आमटीचं पातेलं खाली उतरवते. सगळ्या कथेत तेवढी एकदाच चूल विझते. पुढच्या शुक्रवारी फोन येतो, चूल पेटलेली असते, आई पुन्हा "हं" म्हणते. आणि शेवटी काय होतं, तर एका शुक्रवारी आईच सांगायला लागते. विहिरीचं पाणी, शेजारच्या गाईचं वासरू. आणि पलीकडून, पहिल्यांदाच, आवाज येतो: "हं."

मी ती गोष्ट वाचली आणि कापसावरून उठून बाहेर गेलो. रस्त्यावरून मळीचे टँकर चालले होते. आमच्या तळावरची गोष्ट कुणी आकाशात नेऊन ठेवली होती.

सरांनी ती एका तासात संपवली. कथेचा आशय: विज्ञान, शाप की वरदान. ते फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. आई ही अडाणी, भाबड्या ग्रामीण स्त्रीचं प्रतीक. चूल हे मागासलेपणाचं प्रतीक. पुनरावृत्तीतून यंत्राची निर्जीवता दिसते. आणि उपरोध असा की बिचाऱ्या आईला शेवटपर्यंत सत्य कळत नाही. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मीही घेतलं, आणि 'बिचाऱ्या' शब्दापाशी पेन अडलं.

अंतर्गत परीक्षेसाठी निबंध लिहायचा होता: विज्ञानकथेतील वाङ्मयीन साधने आशयाला कशी पूरक ठरतात. मी माझ्या डोक्यातलं लिहिलं. मी लिहिलं की आईला कळलंय. लेखकानं तसं कुठंही लिहिलेलं नाही, पण प्रत्येक साधन तेच सांगतंय. ती हुंकारा थांबवते ती परीक्षा घ्यायला. जिता मुलगा असता तर 'आई, आहेस ना?' म्हणाला असता. यंत्र पहिल्यापासून सुरू होतं आणि तिला उत्तर मिळतं. लेखक इथं तिच्या मनात शिरत नाही, फक्त पातेलं उतरवतो. मला तेच कथेतलं सगळ्यात मोठं रडणं वाटलं. कथा स्वयंपाकघराबाहेर एकदाही जात नाही, खाण दाखवत नाही, अपघात दाखवत नाही, कारण ही कथा यंत्राची नाहीच, हुंकारा देणारीची आहे. आणि उपरोध असला तर तो वाचकावर आहे. पहिल्या ओळीत आपल्याला सत्य सांगितलं म्हणून आपण तिच्यापेक्षा शहाणे असल्याच्या घमेंडीत वाचत जातो. शेवटी मी लिहिलं होतं की मेंढीच्या गळ्यातली घंटी शोभेला नसते, कळप कुठं आहे ते न बघता कळावं म्हणून असते, आणि कथेतली साधनं तशीच असतात. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे कुठून उतरवलंस?"

"कुठनं न्हाई सर. मीच लिहिलंय."

"आईला कळलंय म्हणे! मग ती रडत का नाही? छाती का पिटत नाही? आपल्या खेड्यातल्या बायका कशा रडतात, बघितल्या नाहीस का कधी?"

मी बघितल्या होत्या. माझी धाकटी बहीण तळावर तापानं गेली त्या दिवशी आईला रडताना मी बघितलं नाही. रान सोडायचं ठरलेलं होतं. तिनं घोडा भरला, बहिणीची कुंची पिठाच्या डब्यात ठेवली आणि कळपामागं चालायला लागली. हे मी सरांना सांगितलं नाही. त्यांना सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"ती कशी बोलते ते बघ," सर म्हणाले. "संवाद सगळे बोलीभाषेत. लेखकानं बोलीभाषा का वापरली? ती अडाणी आहे हे दाखवायला. आधी हे मान्य कर, मग पुढं बोल."

मी माझ्या तशाच भाषेत बोलत उभा होतो. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही, किंवा आलं होतं म्हणूनच ते तसं म्हणाले. इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

नंतर झालं ते विचित्र. सांगलीला अनेक कॉलेजांच्या मुलांचं निबंधवाचन होतं आणि आमच्याकडून जायला कुणी तयार नव्हतं. सरांनी मलाच उभं केलं. "दुर्गम भागातला विद्यार्थी आहे, चांगलं दिसेल," असं ते शेजारच्या सरांना म्हणाले, माझ्यासमोर. माझा निबंध घेऊन त्यांनी अर्ध्यावर काट मारली, बाजूला गाईडातली वाक्यं लिहिली आणि म्हणाले, "हे वाचायचं. अंतर्गत गुण माझ्याकडं आहेत, विसरू नकोस."

गुण गेले तर विषय गेला, विषय गेला तर वर्ष, आणि वर्ष गेलं की काठी. हे गणित मला नीट येत होतं. शौकतलाही येत होतं. तो म्हणाला, "वाच की त्येंचं. तुजी आय कुटं हाय त्या गोष्टीत?" मी काट मारलेला कागद घडी करून खिशात घातला. जरा वेळानं तो स्वतःच म्हणाला, "हाय म्हनतोस व्हय?"

आबांचा तळ तेव्हा मिरजेच्या बाजूला होता. फोनवर मी सहज म्हणालो की सांगलीत येतोय, काहीतरी वाचायचंय लोकांपुढं. येऊ नका असं म्हणायचं राहिलं. सभागृहात मी व्यासपीठावर गेलो तेव्हा शेवटच्या रांगेत ते दिसले. डोक्याला तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडं, दोन्ही हात काठीवर. आजूबाजूच्या दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. लोक उठून पुढं जाऊन बसले होते.

माझ्याजवळ दोन्ही कागद होते, सरांनी काट मारलेला आणि मी पुन्हा जसाच्या तसा उतरवलेला माझा. मी माझा काढला. आवाज थरथरत होता. पहिलं वाक्य वाचलं. थांबलो. आणि मागून, स्वच्छ, चुलीपुढून आल्यासारखं, ऐकू आलं:

"हूं."

थोडे लोक हसले. मी दुसरं वाक्य वाचलं. "हूं." आता माझा आवाज सापडला. मी वाचत गेलो, आबा हुंकारा देत गेले, आणि मला वाटलं मी जन्मात एवढं नीट काही बोललो नव्हतो. पातेलं उतरवण्यापाशी आलो होतो. सभागृह आता मोठ्यानं हसत होतं. सर व्यासपीठावरच बसले होते. त्यांनी पुढचा माईक ओढला.

"एक मिनिट. मागं ते कोण आहेत? स्वयंसेवक, त्यांना बाहेर न्या. इथं साहित्याचा कार्यक्रम चालू आहे. धनगरांचा फड नाही."

बिल्ला लावलेला एक पोरगा आबांकडं गेला. आबा त्याच्या आधीच उठले होते. त्यांनी सभागृहाला हात जोडले, चूक त्यांची असल्यासारखे, आणि काठी न वाजवता बाहेर गेले. काठी उचलून धरली होती त्यांनी, आवाज होऊ नये म्हणून. ते मला दिसलं. आज लिहिताना पुन्हा दिसतंय, आणि हे पेन मोडावंसं वाटतंय.

दार बंद झालं. सर म्हणाले, "हं, चालू द्या."

मला पुढचं वाक्य वाचता येईना. कागद समोर होता, अक्षरं दिसत होती. मी पहिल्या पानावर गेलो आणि पहिल्यापासून वाचायला लागलो. कुणीतरी म्हणालं, अहो हे झालंय. मी वाचत राहिलो. तीच धूळ, तेच चंद्र. वेळ संपल्याची घंटा झाली, पुन्हा झाली, मग माईक बंद केला. मी तरीही वाचत होतो, पातेल्यापर्यंत. नंतर सर लोकांना सांगायचे, घाबरला बिचारा, गोंधळला. मी गोंधळलो नव्हतो. ऐकणारा उठून गेला की गोष्ट पहिल्यापासून धरायची असते, मला तेवढं एक शिकवलेलं होतं.

बाहेर आबा कट्ट्यावर बसले होते. त्यांनी भडंग घेतला होता, कागदाचा पुडा माझ्यापुढं केला.

"लय हासत हुते लोक. माजं चुकलं का रं?"

"न्हाई आबा."

"आपसूक निगतंय त्वांडातनं." थोडा भडंग तोंडात टाकून ते म्हणाले, "त्यो मास्तर काय म्हनतोय?"

"म्हनतोय, त्या गोष्टीतली आय अडानी हाय. तिला कायबी कळलं न्हाई."

"आन् तू?"

"मी म्हनतो तिला समदं ठावं हाय. तरीबी ती हूं म्हनती. आबा, तुमाला काय वाटतंय? ठावं आसंल?"

"आता मला काय ठावं? मी काय वाचलीया का गोष्ट? आन् वाचाया दिली तरी मला कुटं येतंय?" ते हसले. मग त्यांनी पुडा गुंडाळला आणि हसणं गेलं. "पर त्या मानसानं मला भाईर काडलं त्ये एक आसू दे. तुला मधीच थांबिवलं, त्ये बरं न्हाई केलं. तू शिकायचं सोडायचं न्हाई, बिरा."

व्हायचं तेच झालं. अंतर्गत परीक्षेत सरांनी मला नापास केलं, विषय गेला, वर्ष गेलं. अट ठरलेली होती. मी फोन केला आणि म्हणालो, येतो काठी धरायला. आबा म्हणाले, "काय नको. पुन्यांदा बस परीक्षेला. मेंढरं मी बगतो." मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. वर्षभर मी मलकापुरातच राहिलो, शौकतच्या दुकानात गाद्या शिवू लागलो, आणि कॉलेजच्या दारात सर दिसले की मान खाली घालायची नाही एवढं एकच व्रत पाळलं.

दर आठवड्याला आबांचा फोन यायचा. मेंढरांचं सांगायचे. काळतोंडीला दोन कोकरं झाली. घोड्याचा नाल निघाला. पाटलाच्या रानात बसवलीत, हिरवं लय हाय. मी हूं म्हणायचो. मागून कोंबड्यांचा गलका ऐकू यायचा, मला वाटायचं तळ एखाद्या पोल्ट्रीजवळ पडलाय. घंट्या ऐकू येत नव्हत्या हे माझ्या लक्षात आलं नाही. पुढं काळतोंडीला पुन्हा दोन कोकरं झाली, इतक्या लवकर की मेंढीला ते होणारच नाही. मला वाटलं, आबा थकले, विसरतात. एका कथेतल्या पुनरावृत्तीवर पानं भरून लिहिणारा मी!

मग कराडच्या स्टँडवर चुलतभाऊ म्हाळू भेटला. मी विचारलं, मेंढरं कुठं बसलीत सध्या?

"कुटली मेंढरं?"

"आमची."

म्हाळू माझ्याकडं बघत राहिला. "आरं, ती तुझा निकाल लागल्याबरूबर इकली की. तुला कुनी सांगितलं न्हाई? चुलता म्हनला, मेंढरं ऱ्हायली तर पोरगं येऊन काठी धरंल. मेंढरंच नसली म्हंजी कशामागं जातंय? आता हाय की विट्याकडं पोल्ट्रीवर राखनीला." मग त्याला सुचलं आपण काय बोललो ते. "मी सांगितलं म्हनू नगंस गड्या."

दहिवडीची गाडी लागली होती, म्हाळू चढून गेला. मी तिथंच उभा राहिलो. मला कुणाला तरी मारायचं होतं. सरांना, म्हाळूला, आबांना, स्वतःला. पिढ्यान्‌पिढ्या चालणारा कळप एका माणसाच्या दोन रेघांपायी मोडला होता, आणि तो माणूस त्याच दुपारी कुठल्यातरी वर्गात शाप की वरदान लिहीत असणार. खिशातला फोन वाजला. आबा.

"बिरा, जेवलास का?"

ओठावर सगळं आलं होतं. खोटं का बोलता, हे येणार होतं. मागं कोंबड्या ओरडत होत्या.

"काळतोंडीची कोकरं मोठी झाली बग," आबा म्हणाले. "लय उड्या मारत्यात."

मला कथेतली बाई दिसली, विझलेल्या चुलीपुढं.

"हूं," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी मी पास झालो, मग पदवी झाली, नोकरी लागली. मेंढरांचं बोलणं फोनवर कितीतरी दिवस चालू राहिलं आणि एक दिवस आपोआप थांबलं. आम्ही दोघांनीही तो विषय कधी काढला नाही. ते सर सन्मानानं निवृत्त झाल्याचं ऐकलं. त्यांचं गाईड अजून मिळतं, आई त्यात अजून अडाणी आहे. आबा गेले तेव्हा मला एक समाधान होतं: मला सगळं ठाऊक असल्याचं त्यांना मी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

आई आता आमच्याकडं शिरवळला असते. परवा ती दारात मेथी निवडत बसली होती आणि मी हेच सगळं लिहीत होतो. काय लिहितोस म्हणाली, म्हणून पहिल्यांदाच तिला सांगितलं, स्टँडचं, म्हाळूचं, त्या फोनचं. ती मेथी निवडत राहिली.

"त्येंला ठावं हुतं की," ती म्हणाली.

"काय ठावं हुतं?"

"तुला कळलंय त्ये. त्यो फोन ठिवला आन् मला म्हनले, पोराला कळलं गं. मी म्हनलं, कशावरनं? तर म्हनले, आयकल्याला हूं हाय त्येचा."

"मग पुढं इतके दिस सांगत का ऱ्हायले?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं, की एवढं शिकून तुला हे कसं कळत नाही.

"तू हूं म्हनत हुतास की."